मागची जमीन

यांनी अंथरुणातच डोळे मिटले. दुपारी वाटीभर पेज प्यायले, कुशीवर वळले आणि झोपेतच गेले. समाचाराला आलेल्या बायकांना मी हे सांगत होते तेव्हा माझ्या आवाजात समाधान होतं, आणि ते एकदोघींना खटकलंही असावं. त्यांना काय सांगणार? या बातमीची धास्ती घेऊन मी सगळी तरुणपणाची वर्षं काढली, आणि माझ्या मनात ती नेहमी विहिरीवरूनच यायची. मी वर्गात पाढे घेत असणार, कुणीतरी धापा टाकत शाळेच्या दारात येणार आणि म्हणणार, ‘बाई, चला लवकर’... तशी बातमी कधी आली नाही. माणूस म्हातारा होऊन आपल्या गादीवर गेला. आता काही आठवडे झालेत, आणि धास्ती मात्र अजून माझ्याकडेच आहे. ती कुणाच्या स्वाधीन करायची हे कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

यांचं नाव शामराव. छापायचं म्हणून लिहिते. उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी तोंडाने कधी घेतलं नाही. तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईतून हातीपायी धड परत आले, पण कान तिकडेच राहिले. तोफेच्या शेजारी उभं राहून राहून पडदे फाटलेले. कडेगावजवळच्या आमच्या गावात फौजी पुष्कळ, त्यामुळे आधी कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. मला मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं की नुसतं बहिरेपण नाही हे. भांडं पडलं तर यांना ऐकू यायचं नाही, पण जमिनीतून हादरा कळायचा आणि हे दचकून भिंतीला टेकायचे. दिवसचे दिवस गोठ्यात बसून असायचे, तळहात कानांवर दाबून. ज्या कानांना काही ऐकूच येत नाही ते दाबायचे कशाला, असं सासूबाई विचारायच्या. मला विचारायचं धाडस नव्हतं. मी शाळेची पाटी घेऊन समोर बसायचे आणि लिहायचे, ‘जेवता का?’ तेवढंच आमचं बोलणं.

मग एक दिवस यांनी ट्रंकेतून पॅराशूटच्या कापडाचा तुकडा काढला. यांच्या पलटणीतल्या एका साहेबांकडे परदेशातून आणलेला पतंग होता, दोन दोऱ्यांचा. तो मोडला की दुरुस्त करायचं काम यांचं. त्यामुळे त्याची बांधणी यांच्या डोक्यात पक्की होती. त्रिकोणी पतंग, दोन्ही हातांत एकेक लाकडी मूठ. उजवा दोरा ओढला की तो उजवीकडे गिरकी घेतो, डावा ओढला की डावीकडे. सूर मारून खाली येतो आणि जमीन वीतभर उरली असताना परत उठतो. बांबूच्या कामट्या यांनी काचेच्या तुकड्याने खरवडून इतक्या बारीक केल्या की तळहातावर घेतल्या तरी वजन कळू नये. सांध्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. दोरा मासे धरायचा नायलॉनचा, सांगलीहून मागवलेला. पतंग पुरा झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पोरगं परत रांगाय लागलं म्हनायचं.” पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण मुलगा गोठ्याबाहेर आला होता.

आमच्याकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढून झाला की रान मोकळं होतं आणि सांजेला वारा अगदी बेताचा असतो. चुलीचा धूर जरासा कलेल, एवढाच. तेवढ्या वाऱ्यावर उडावा म्हणूनच पतंग इतका हलका केला होता. रोज उडवण्याआधी हे दोन्ही दोऱ्यांची टोकं बाभळीच्या बुंध्याला बांधायचे आणि ताणून बघायचे. एक दोरा बोटभर जरी जास्त सैलावला तरी पतंग एकाच अंगाला झुकत राहतो. मग गाठ सोडायची, परत बांधायची. ते करताना यांचे हात स्थिर असायचे. एकदा घरी मी पाटीवर लिहिलं, ‘यात काय मिळतं?’ तेव्हा हे मोठ्यांदा म्हणाले (स्वतःचा आवाज कळत नसल्याने सगळंच मोठ्यांदा असायचं), “कानाला काय येत न्हाई गं. हाताला येतंय. दोरा बोलतोय.” लग्नानंतर मला उद्देशून म्हटलेलं ते बहुधा सर्वांत लांब वाक्य होतं. मी पाटी पुसली आणि आत जाऊन रडले.

पण या पतंगाची एक रीत आहे, आणि तिथेच माझा जीव टांगणीला लागला. वारा कमी पडला की उडवणाऱ्याने मागे चालायचं. दोरा ताणलेला राहिला पाहिजे. वारा नसेल तर आपणच मागे सरकून पतंगाला वारा द्यायचा. नजर वर, पाय मागे. दोरा सैल पडला तर दोन-तीन पावलं झपाट्याने मागे टाकायची, नाहीतर पतंग पडतो. आणि आमच्या त्या रानात धसकटं होती, बांध होते, आणि मधोमध जुनी मोटेची विहीर होती. बिनकठड्याची. मोट बंद झाल्यापासून तिकडे कुणी लक्ष देत नव्हतं, काठावर गवत माजलेलं. ज्याला हाक ऐकू येत नाही असा माणूस आभाळाकडे बघत उलटा चालतोय आणि मागे कुठेतरी ती विहीर आहे, हे ज्याने रोज पाहिलंय त्यालाच माझी भीती कळेल. शाळा सुटली की मी तशीच रानात जायचे आणि यांच्या मागे उभी राहायचे. मग यांच्या पट्ट्याला बैलाचा कासरा बांधला आणि त्याचं टोक हातात धरलं. ओढलं की थांबायचं.

गावाला फुकटचा तमाशा मिळाला. बांधावर माणसं येऊन बसायची. शेजारचा तुका, यांच्याच वयाचा, एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, “मास्तरनीनं बैल लय झ्याक वळीवलाय, रं.” यांना ऐकू आलं नाही, पण हसणारी तोंडं दिसली. ओठ वाचायला हे तोवर शिकले होते... घरी येताना यांनी कासरा सोडून खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेत बैठक होती आणि मला उशीर झाला. रानाच्या वरच्या बांधावर आले तर पतंग आभाळात होता. यांनी माझी वाट पाहिली नव्हती. बांधावर हसायलाही कुणी नव्हतं. पतंग माझ्या अंगाला आणि हे पलीकडे, पार लांब, आणि त्यांच्या पाठीमागे ते माजलेलं गवत. वारा जवळजवळ पडलेला. हे एकेक पाऊल मागे टाकत होते, सावकाश, तब्येतीत. मी ओरडले. कुणासाठी ओरडले देव जाणे. हात हलवले, पदर हलवला, पण यांची नजर पतंगावरून हलेना. धावत यांच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. पतंग तेवढा जवळ होता, सूर मारून माझ्या डोक्याशी येत होता. आधी वाटलं, झडप घालून पाडावा. आणि तेवढ्यात ध्यानात आलं. पतंग पडला की दोरा सैल पडणार, आणि दोरा सैल पडला की हे झपाट्याने मागे जाणार.

मी दोरे धरले. दोन्ही, पतंगाच्या खाली, दोन मुठींत, आणि होतं नव्हतं ते बळ लावून माझ्याकडे ओढले. नायलॉन तळहातात रुतत गेला. सोडला तर संपलं, एवढंच डोक्यात. पलीकडे हे पुढे झुकले, एक पाऊल पुढे आले, मग आणखी एक. मी ओढतच होते, मागे मागे जात. अखेर यांनी मान खाली केली आणि मला पाहिलं.

“येडी झालीस काय?” हे तिथूनच ओरडले. “सोड, हात कापतील.”

मी मानेने यांच्या पाठीमागे दाखवलं. यांनी वळून पाहिलं. मग बराच वेळ मला यांची पाठच दिसत होती. मी जवळ गेले तेव्हा काठावरच्या गवतात टाचेचा ठसा दिसला आणि तिथली माती आत ढासळलेली. यांनी डोक्याचा रुमाल सोडून माझ्या हातांना गुंडाळला. आणि मग, एरवी मोठ्यांदा बोलणारा हा माणूस, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “मला वाटलं, वारा आला.”

घरी सासूबाईंनी माझे हात पाहिले आणि सरळ पतंग उचलून चुलीकडे निघाल्या. “जाळते ह्यो. जित्ता माणूस खाईल ह्यो एक दिस.” त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांच्या हातातून पतंग काढून घेतला. मला यांना विहिरीत गमवायचं नव्हतं, पण गोठ्यातही गमवायचं नव्हतं. “आवं आत्याबाई, ऱ्हाऊ द्या,” मी म्हणाले, “भ्यायचं काम माझं हाय.” त्या चुलीपुढे जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सांजेला हे रानात निघाले ते वाकड्या वाटेने, मुद्दाम पारावरून. तुका आणि मंडळी बसलेली. यांनी तिथे उभं राहून स्वतःच्या हाताने कासरा पट्ट्याला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि टोक माझ्या हातात दिलं. पारावर कुणी हसलं नाही.

पुढे गुडघे दुखायला लागेपर्यंत आम्ही पतंग उडवला. लोकांना वाटतं, सवयीने भीती मरते. माझी मेली नाही. विहिरीला कठडा झाला, नंतर ती बुजली, तरी मी मागची जमीन बघतच राहिले.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मयत उचललं की वेशीपर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं. पुढे विस्तवाच्या मडक्याचं शिंकाळं धरून आमचा मुलगा, मागे खांदेकरी, त्यांच्या खांद्यावर हे, तोंड आभाळाकडे. वेशीशी बायका थांबल्या. मी थांबले नाही. एक भावकीतला पोक्त माणूस आडवा आला. “वैनी, आता फिरा. हितनं फुडं बायामानसानी येऊ नये.” मी म्हणाले, “फुडं वढ्याचा उतार हाय. त्यास्नी मागचं दिसत न्हाई.” त्याने आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाला. मी सगळ्यांच्या मागून खालच्या जमिनीकडे बघत चालत राहिले. उतार संपला, त्यांनी यांना ओढ्याकाठी सपाटीवर ठेवलं, तेव्हा मी माघारी वळले.