दुसऱ्या चराची जागा

ऑरिन टटलला गावात कुणी सहसा जेवायला बोलवत नसे, कारण जेवण झालं की तो यजमानांच्या अंगणात एक चक्कर मारायचा. फिरताना त्याचं सगळं लक्ष पायाखाली. कुठलं गवत जरा जास्तच हिरवं आहे, कुठला बर्फ आधी वितळलाय, कुठे बूट किंचित रुततो, एवढं बघून तो आत यायचा, कॉफी प्यायचा, घरच्या बाईचे मनापासून आभार मानायचा, आणि सोमवारी त्या घराला आरोग्य मंडळाचं पत्र जायचं. पत्र मी टाइप करायची, त्यामुळे गावाने त्याला दिलेल्या शिव्यांतला थोडा वाटा माझ्याही नावावर जमा आहे.

आमच्या टॉलबरीत सरकारी गटार नाही. मासाचुसेट्सच्या डोंगरातलं चौदाशे वस्तीचं गाव. ज्याची त्याची संडासाची टाकी ज्याच्या त्याच्या अंगणात, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारे चर तिच्या पुढे, आणि पिण्याच्या पाण्याची विहीरही त्याच अंगणात. एकाने मुरवलेलं दुसऱ्याच्या पेल्यात येऊ नये, हे बघायला आरोग्य मंडळ. मंडळावर निवडून आलेली तीन माणसं, त्यांच्या हाताखाली अर्धवेळ निरीक्षक ऑरिन, आणि कागदपत्रं सांभाळायला मी, रोझली. एकोणीस वर्षं आम्ही दोघं टाऊन हॉलच्या तळघरातल्या एकाच खोलीत बसलो. खोलीला खिडकी नव्हती, आणि ऑरिनच्या बुटांना कायम चिखल.

लग्न त्याने केलं नाही. वडिलांच्या गाई होत्या, त्या वडिलांबरोबरच संपल्या. मग त्याला मातीचा नाद लागला. नव्या चरांसाठी खड्डा खणला की हा बहात्तर वर्षांचा माणूस शिडी लावून स्वतः आत उतरायचा. चिमूटभर माती तळहातावर घ्यायची, पाण्याने भिजवायची, अंगठ्याने दाबून तिची पट्टी निघते का बघायचं; निघाली तर चिकणमाती, पाणी मुरायचं नाही. खड्ड्याच्या भिंतीवर गंजासारखे ठिपके दिसले की तो खडूने रेघ मारायचा: वसंतात पाणी इथवर चढतं. ऑगस्टमध्ये खड्डा खणून घेणारे लोक यावर फार चिडत.

"अहो, ठणठणीत कोरडा आहे की खड्डा," ते म्हणत.

"आज आहे," ऑरिन म्हणायचा. "मार्चमध्ये इथे बदकं पोहतील."

भोपळ्याची गोष्ट तर अजून गावात सांगतात. शरदाच्या जत्रेत व्हर्जिल स्टोनचा भोपळा पहिला आला. चार माणसांना उचलेना, एवढा. ऑरिन टोपी काढून त्याच्यासमोर उभा राहिला, चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "कुठे लावलास रे?" व्हर्जिल आधीच फुगलेला. "घरामागच्या उतारावर," तो म्हणाला, "आणि ऐक, चिमूटभर खत घातलं नाही." ऑरिन म्हणाला, "घातलंस, घातलंस." सोमवारी पत्र. व्हर्जिलचे चर केव्हाच तुंबले होते, आणि घरातलं सगळं पाणी सरळ भोपळ्याच्या मुळाशी जात होतं. तो तणतणत तळघरात आला आणि म्हणाला, "नवे चर खणतो. पण बक्षिसाची रिबीन परत मागायला तेवढं येऊ नका." ऑरिनने त्याला खुर्ची दिली आणि तासभर त्याच्या जमिनीत कुठे वाळू लागेल ते कागदावर काढून दाखवलं. हाही ऑरिनच. पत्र पाठवायचा आणि मग त्या माणसाच्या पाठीशी, त्याचं काम पुरं होईपर्यंत, आपल्याच घरचं असल्यासारखा उभा राहायचा. शिव्या देणाऱ्यांना हा भाग नंतर आठवत नसे.

नियमातून सूट द्या असं मात्र तो मंडळाला कधी सुचवत नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने एका भल्या माणसासाठी शब्द टाकला होता. विहिरीपासून शंभर फुटांऐवजी साठ. पुढच्या जूनमध्ये शेजारची दोन मुलं आठवडाभर हॉस्पिटलात होती. मुलं बरी झाली, ऑरिन काही बरा झाला नाही.

आणि मग आली डेल्फीन बूशेची पाळी.

डेल्फीन ऑरिनची शेजारीण, तळ्याकाठच्या घरातली. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांना तिने लहानपणी "बूड टेकव आणि तोंड मिट" म्हणून दटावलेलं आहे. नवऱ्याने, आर्मांने, ते घर स्वतःच्या हाताने बांधलं, आणि तो वारलाही त्याच घरात. मुलगा फ्लोरिडाला ये म्हणून दर रविवारी फोन करतो. ती दर रविवारी हवामानाबद्दल बोलते. ऑरिनशी तिचं चाळीस वर्षांचं कुंपणावरचं भांडण होतं, म्हणजे गावाच्या हिशेबाने घट्ट मैत्री. शनिवारी ती बीन्स शिजवायची तेव्हा एक भांडं त्याच्या पायरीवर यायचं.

त्या मार्चमध्ये ऑरिनला तिच्या घराखालच्या उतारावर वितळलेल्या बर्फाचा एक पट्टा दिसला, सरळ तळ्याकडे गेलेला. म्हणजे तिच्या टाकीतलं कोमट पाणी न मुरता तळ्यात चाललं होतं. मी पत्र टाइप करत असताना तो माझ्या मागे उभा होता.

"आधी जाऊन बोला तरी तिच्याशी," मी म्हटलं.

"बोलायला गेलो तर ती बीन्स वाढेल," तो म्हणाला. "मग पत्र जायचं नाही."

पत्र गेलं आणि बीन्स बंद झाले. गावानेही ऑरिनला धारेवर धरलं. शेजारीण, तीही विधवा, जरा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं? दुकानात मीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले एकदा, हे कबूल करते. टाकीत पाणी कमी जावं म्हणून डेल्फीन कपडे धुवायला बहिणीकडे जाऊ लागली, बादलीत भांडी घासू लागली, आणि कुंपणाशी ऑरिन दिसला की घरात जाऊ लागली.

खरं संकट पुढेच होतं. नवे चर खणायचे कुठे? तिच्या जमिनीत पाच ठिकाणी खड्डे घेतले, पाचही ठिकाणी दीड फुटावर कातळ. विहिरीपासून शंभर फूट सोडा, तळ्यापासून शंभर सोडा, कातळावर चार फूट माती हवी. सगळं वजा केल्यावर तिच्याकडे जेवणाच्या टेबलाएवढी जागा उरली. नुसती बंद टाकी बसवून ती दर पंधरवड्याला उपसायची म्हटलं, तर हिवाळ्यात त्या उतारावरून मैल्याची गाडी खाली जात नाही. जुलैच्या सुनावणीत मार्ग निघाला नाही तर दाराला लाल कागद लागणार होता: घर राहण्यास अयोग्य. डेल्फीनने बहिणीकडून खोकी आणून ठेवली होती, पण त्यांत काही भरलं नव्हतं.

जूनमध्ये ऑरिनने स्वतःच्या पैशाने सहावा खड्डा घेतला, कुंपणाच्या आपल्या बाजूला, गोठ्यामागच्या उंचवट्यावर. सहा फूट निव्वळ वाळू आणि खडी. त्याने ती मूठभर आणून माझ्या टेबलावर ठेवली. एखाद्याने नातू दाखवावा तशी.

"मग सुटला की प्रश्न," मी म्हटलं. "ती जागा तिच्या नावाने नोंदवून द्या."

"ती माझी राखीव आहे," तो म्हणाला.

हा राखीव जागेचा नियम गावाला त्यानेच लावला होता. प्रत्येक घराने आपले चर कधीतरी मरणार हे धरून दुसऱ्या चराची जागा मोकळी सोडायची, आणि ती कुणाला द्यायची नाही. ऑरिनचे स्वतःचे चर चौतीस वर्षांचे होते. त्याच्या बाकीच्या जमिनीतही कातळच. म्हणजे उंचवटा डेल्फीनला दिला, आणि दोन-पाच वर्षांत त्याचे चर तुंबले, तर लाल कागद त्याच्या दाराला. ती जागा द्यायला त्याला मंडळाकडून सूट मागावी लागणार होती. ऑरिन टटलला, सूट.

"डेल्फीनला हे सगळं सांगितलंत?" मी विचारलं.

"तिला जागा मिळतेय एवढं चरांचा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरने कळवलंय. बाकी तिला कशाला?"

सुनावणीला संध्याकाळी सहाला खोली भरलेली. मंडळाचा अध्यक्ष हॉलिस पेक, हार्डवेअरचं दुकान चालवणारा, मधल्या खुर्चीत. ऑरिनची खुर्ची रिकामी, कारण तो अर्जदारांच्या घडीच्या खुर्च्यांवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच रांगेत, मधे तीन खुर्च्या सोडून, डेल्फीन.

हॉलिसने अर्ज वाचला आणि सवयीने म्हणाला, "निरीक्षकांचं मत काय?"

"निरीक्षक नाहीये आज," ऑरिन म्हणाला. "मी अर्जदार आहे."

लोक हसले. हॉलिस हसला नाही. "असता तर काय म्हणाला असता?"

"म्हणाला असता, या माणसाला सगळ्यांसमोर विचारा, तुझे चर बंद पडले तर तू काय करणार."

"मग, काय करणार, ऑरिन?"

"काही नाही. घराला लाल कागद लावायचा. मी निघून जाईन. आणि त्या वेळी मी आहे म्हणून सूट द्यायची नाही, हॉलिस. हेही लिहून घ्या."

डेल्फीन उठली. मार्चपासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"कसला लाल कागद? याला?" तिने हॉलिसला विचारलं. हॉलिसने राखीव जागेचा नियम सांगितला, चौतीस वर्षं सांगितली, कातळ सांगितला. ती ऐकत गेली तशी तिची मान ताठ होत गेली.

"हे मला सांगितलं नाहीस तू," ती ऑरिनला म्हणाली.

"तू बोलत नव्हतीस माझ्याशी."

"मग नको मला तुझी जागा. तुझं घर घालवून मी माझ्यात राहू होय? मेले तरी नाही. हॉलिस, फाड तो अर्ज."

"डेल्फीन, हीच एक जागा आहे," ऑरिन म्हणाला. त्याचा आवाज मी तेवढा बारीक झालेला कधी ऐकला नव्हता. "दुसरी असती तर मी शोधली नसती का? तुझ्या अंगणात मी पाच वेळा खाली उतरलो."

हॉलिस उठून काहीतरी समजावू लागला. "तू बस," ती म्हणाली, आणि तो बसला. ती पुढे गेली आणि इंजिनिअरचा नकाशा टेबलावरून ओढून घेतला.

"हे चर किती माणसांचे?"

"माणसांवर नसतं ते, खोल्यांवर असतं," हॉलिस म्हणाला. "तुमच्या तीन झोपायच्या खोल्या. सहा माणसांचं पाणी धरलंय."

"मी एकटी आहे."

"नियमच तसा आहे."

"चांगला नियम आहे," डेल्फीन म्हणाली. "मग असं लिहा. याच्या घराला तुमचा कागद लागला, तर हा माझ्याकडे राहायला येईल. पाच जणांचं पाणी शिल्लक आहे. असं असेल तर मी सही करते, नाहीतर नाही."

"मंडळाला अशी अट घालता येत नाही, मिसेस बूशे."

"तुम्ही नका घालू. रोझली, तू लिही."

मी ऑरिनकडे पाहिलं. त्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो जमिनीकडे बघत होता, आणि या वेळी तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"कुठली खोली?" त्याने विचारलं.

"उत्तरेची. तुझं घोरणं कुंपणापलीकडून ऐकू येतं. मधे दोन भिंती असलेल्या बऱ्या."

"उत्तरेच्या खोलीत ओल आहे. आर्मांने पाया नीट घेतला नव्हता."

"मग येऊन बघ की काय करायचं ते. तुला त्यातलं कळतं ना?"

मतदान झालं, तीन विरुद्ध शून्य. ऑरिन सही करत असताना डेल्फीनने कागद दोन बोटांनी दाबून धरला. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला, आणि दुकानात फिरवलेल्या पाठीची लाजही वाटली.

मी इतिवृत्तात सगळं लिहिलं, खोलीसुद्धा. मंडळात जे ठरतं तेवढंच लिहायचं, बोललेलं लिहायचं नाही, ही ऑरिनचीच शिस्त. ऑगस्टच्या बैठकीआधी त्याने नेहमीप्रमाणे हातात पेन्सिल घेऊन ते पान तपासायला घेतलं. एकोणीस वर्षांत माझं एकही पान त्याच्या पेन्सिलीतून सुटलं नव्हतं. त्याने ते दोनदा वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाला, "बरोबर आहे."