जुन्या जाळ्याला नवं वेष्टन

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे अक्का म्हणत. शहरातला कुठला पाइप कुठल्या पाइपला जोडलाय आणि कुठला व्हॉल्व्ह बंद केला की कुणाच्या घरचं पाणी जाईल, हे सांगणारा प्रोग्राम अक्काने बावीस वर्षांपूर्वी सी भाषेत एकटीने लिहिला होता. सी म्हणजे कडक शिस्तीची भाषा. कॉम्प्युटरकडून जेवढी मेमरी मागून घ्याल, तेवढी काम झाल्यावर आठवणीने परत करायची. मागून आवरायला कुणी येत नाही. अक्काचा स्वभावही तसाच. दुसऱ्याने घासलेलं भांडं ती पुन्हा घासायची आणि नवऱ्याने लावलेलं कुलूप स्वतः ओढून बघायची.

आता कंट्रोल रूममधल्या नव्या मंडळींना सगळं पायथन या सोप्या भाषेत हवं होतं. म्हणून अक्काने आपल्या जुन्या प्रोग्रामभोवती, म्हणजे त्यातल्या पाइपांच्या जाळ्याभोवती, पायथनचं वेष्टन लिहायला घेतलं. आत जुनंच काम चालणार, बाहेरून मात्र ‘या पाइपचे शेजारी दे’ एवढं म्हटलं की झालं. वेष्टन झालंही झोकात. फक्त दर दोन-तीन तासांनी प्रोग्राम काही न बोलता मान टाकायचा. महिनाभर त्याने तिच्या नाकी नऊ आणले.

शेवटी साहेबांनी मुदत घातली. "अक्का, गुरुवारपर्यंत नीट चाललं तर ठीक. नाहीतर बाहेरचं तयार सॉफ्टवेअर घेतो आणि तुमचं जुनं काढून टाकतो."

"दोष जुन्यात नाहीये हो, साहेब."

"मग कुठंय?"

तेच तर तिला सांगता येत नव्हतं. बावीस वर्षांचं काम असं कचऱ्यात जाणार, या विचाराने रात्री ती ताटावरून तशीच उठली. नवरा म्हणाला, "तूच लिहिलंयस ना? मग तुलाच सापडेल." अशा वेळी नवरे असंच काहीतरी बोलतात, उपयोग शून्य.

बुधवारी सकाळी तिने प्रोग्रामला मेमरीच्या प्रत्येक जागेचा पत्ता छापायला लावला : कधी घेतली, कधी परत केली. मग कागदांची चळत पुढ्यात घेऊन परत केलेल्या एकेका पत्त्यावर पेन्सिलीने फुली मारत बसली. अकराव्या पानावर तिचा हात थांबला. त्या पत्त्यावर आधीच फुली होती. एकच जागा दोनदा परत गेली होती! मधल्या वेळात ती दुसऱ्याच कामाला दिलेली असली, तर सगळा प्रोग्राम कोसळणारच.

घोडं कुठे पेंड खातंय ते आता लख्ख दिसलं. पायथनमध्ये एखादी वस्तू कुणी धरून नसलं की ती आपोआप आवरली जाते. ती आवरताना आतल्या पाइपची जागाही परत करायची, अशी ओळ अक्कानेच वेष्टनात घातली होती. खरं तर ती जागा जाळ्याची. दर दोन-तीन तासांनी नवी माहिती घ्यायला बंद होताना सगळ्या जागा ते स्वतःच परत करतं. पण अक्काला राहवलं नव्हतं. जन्मात सी न शिवलेल्या माणसाने ती ओळ लिहिलीच नसती.

"अतिशहाणी गं बाई तू," ती स्वतःलाच म्हणाली आणि ती ओळ खोडून टाकली. त्या जागी एवढंच लिहिलं, की एक जरी पाइप कुणाच्या हातात असला, तरी जाळं बंद व्हायचं नाही. दुपारी तिने नवं वेष्टन कंट्रोल रूममध्ये चढवलं.

गुरुवारी ती साहेबांसमोर उभी असतानाच कंट्रोल रूमचा मुकादम जिना चढून आला. "अक्का, सकाळी शाळेजवळची लाइन फुटली होती. प्रोग्रामने चार व्हॉल्व्ह सांगितले, चारही बंद केले, पाणी थांबलं. कालपासून एकदाही पडला नाही बघा."

"अहो, मग मला का नाही बोलावलंत?"

"कशाला? गरजच पडली नाही."

अक्काचा जीव भांड्यात पडला. ती तिथल्याच खुर्चीत बसली आणि साहेबांच्या देखत पदराने डोळे पुसले. साहेबांनी फोन उचलून बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं. आपण उद्या आलो नाही तरी या शहराचं पाणी अडणार नाही, असं तिला बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं. मग बसल्या जागीच तिने चार दिवसांची रजा मागितली.