डोळे मिटून उघडल्यावर दिसलेला भाऊ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आले. आज तसली गोष्ट लिहायची वेळ माझ्यावरच आलीय... हसा खुशाल.

मी निडीला राहते आणि पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. आमच्यात एक पद्धत आहे. मूर्तीकडे एकटक बघत राहिलं की वाकडा डोळाही सरळ वाटायला लागतो. म्हणून डोळे मिटायचे, क्षणभर उघडायचे, परत मिटायचे. त्या झटक्यात दिसतं तेच खरं.

माझा धाकटा भाऊ महेश डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता. एकदा शिफ्टला गेला तो परतलाच नाही. आई देव पाण्यात घालून बसली. आणि गेल्या गणपतीनंतर तो आपल्या पायांनी दारात उभा! तोच आवाज, हनुवटीवर तीच खूण. कुठे होतास विचारलं की नुसता हसायचा. आईला तर आभाळ ठेंगणं झालं.

एका रविवारी दुपारी तो जेवत होता. सवयीने, अगदी सहज, मी डोळे मिटून उघडले... तो महेश नव्हता! कोणीतरी परका माणूस आमच्या ताटात जेवत होता. नीट बघितलं — महेशच. परत मिटले, उघडले — परत तो परका.

रोह्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "चेहरा क्षणभरच दिसला तर ओळख पटायला वेळ मिळत नाही. माणूस चुकतो." असेलही. पण मग दर वेळी तोच एक परका चेहरा का?

शेवटी चुलीपाशी आईला गाठलं. "आये, त्याच्याकडं एकदा डोळे मिटून, उघडून बघ."

भाकरी थापणारा तिचा हात थांबला. "नाय गो बघायचं तसं," ती हळूच म्हणाली. "पैल्याच दिवशी दिसलाय मला तो. एकटक बघितलं की माझा महेशच ऱ्हातो ना समोर? मंग झालं."

त्याला वाढताना तिच्या डोळ्यांतून पाणी का वाहतं, ते तेव्हा कळलं. ती पापणीच लवू देत नाही.

याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. खरा महेश कुठे आहे, जिवंत आहे का, हे कोणाला विचारायचीही आता सोय राहिली नाही. जेवताना मी मान खालीच ठेवायचे. परवा तोच म्हणाला, "ताय, माझ्याकडं बघत का नाय गो तू?"

मी बघितलं... आईसारखंच, डोळे ताणून.