म्हणे कॉन्ट्रॅक्टर, मग मालक कोण?

मंडळी, आज सकाळी जे घडलं ते इथे लिहितेय.

माझा नवरा निखिल इथल्या पेनरोज भागातल्या एका डेपोसाठी कुरिअरची व्हॅन चालवतो. कागदोपत्री तो कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे स्वतःच स्वतःचा मालक. आज तो तापाने फणफणला होता, उभं राहिलं तरी तोल जात होता. मी म्हटलं, "या अवस्थेत मोटरवेवर जायचं नाही."

त्याने मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर. मॅनेजर म्हणाला, "तू कॉन्ट्रॅक्टर आहेस, तुला सिक लीव्ह कसली? बदली माणूस पाठव."

"ठीक आहे. माझा मित्र हेच काम करतो, आज मोकळा आहे. त्याला पाठवतो."

"छे, भलत्याच माणसाला आमच्या युनिफॉर्ममध्ये नाही पाठवायचं. तूच ये."

निखिल हळूच म्हणाला, "रूट तुम्ही ठरवणार, वेळ तुम्ही ठरवणार, माणूसही तुम्हीच ठरवणार. मग मी मालक कशाचा? मी तुमचा नोकरच ना?"

मॅनेजर म्हणाला, "सोमवारी ऑफिसात ये, बोलू." फोन कट.

निखिल गेला नाही. गोळी घेऊन झोपलाय. त्याने विचारलं याचा अभिमान वाटतोय आणि भीतीही तेवढीच वाटतेय.

इथे कुणी असं तोंडावर विचारलंय का? पुढे काय झालं, खरंखरं सांगा. सोमवारी मीही त्याच्याबरोबर आत जाणार आहे.