कापसाच्या खोलीतला आवाज

तृप्ती माह्यी सख्खी बहीण लागते. पाठची. अख्ख्या सौंसर तहसीलीत अजून कोणाची बहीण पोर्तुगालच्या टीव्हीवर दिसत असेल तर त्यानं समोर यावं. मी प्रफुल्ल, दहावी नापास, मोहगावात चार एकर संत्रा अन् सहा एकर कापूस पाहतो, अन् तिचा मोठा भाऊ आहो.

तिले सात भाषा येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, बंगाली, तेलुगू, मलयाळम अन् पोर्तुगीज. लोक विचारतात, मोहगावच्या पोरीले एवढं आलं कुठून? सांगतो. आमचा संत्रा घ्याले बंगालचे व्यापारी येत. झाडावरच्या मालाचा सौदा झाला का त्यांचे माणसं महिनाभर मळ्यातच राहत. तृप्ती तवा नऊ-दहा वर्षांची. दिवसभर त्यांच्या चुलीपाशी बसून राहे. एक दिवस त्यांचा मुनीम हातातलं काम टाकून पळत आला. शेठनं हाक मारली म्हणे. शेठ तर खाटेवर घोरून राहिला होता. हाक मारली होती तृप्तीनं, झाडाच्या मागून, बंगालीत, शेठच्याच आवाजात. माय मारायले धावली. मी मारू देलं नाही. ही पोरगी गावात राहणार नाही हे मले तवाच समजलं होतं.

पुढं पांढुर्ण्याच्या स्टेशनावर मीच तिले हैदराबादच्या गाडीत बसवलं. तिथल्या तेलुगू मालिकेत पहिले तीन महिने ती नुसती चहाचा ट्रे आणे. चौथ्या महिन्यात तिले बोलाले देलं, अन् वर्षभरात तिले सासू केलं. वय चोवीस. मंग एक मलयाळम सिनेमा आला. तो सिनेमा पोर्तुगालात, लिस्बनच्या सिनेमाच्या मेळ्यात गेला, त्याच्यासंगं ती गेली, अन् तिथल्या एका बाईनं तिले मालिकेत घेतलं. सुरुवातीले दोन शब्दांचं काम. तृप्ती चार महिने एका बेकरीवाल्याच्या घरी भाड्यानं राहिली. ती पुस्तक उघडत नाही. जिथं राहते तिथल्या बाईसंगं भाजी निवडते, अन् भाजीसंगं भाषाही निवडून आणते. आता दुसरं वर्ष आहे. मालिकेत ती नर्स आहे, आपल्याकडून तिकडं कामाले गेलेली.

अन् एक गोष्ट लिहून ठेवा. आजपर्यंत तिच्या तोंडात दुसऱ्या बाईचा आवाज कोणी घातला नाही. प्रत्येक भाषेत ती स्वतः बोलली.

या फेब्रुवारीत मायच्या डोळ्याचं आपरेशन झालं म्हणून तृप्ती घरी आली होती. मायचं नाव मनकर्णा. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं आधीच कमी दिसते. दुपारी तृप्तीले मुंबईहून डबिंगवाल्याचा फोन आला. मालिका हिंदीत येऊन राहिली होती. तिनं स्पीकर चालू केला.

"मॅम, आपकी हिंदी में थोड़ा वो... गाँव आ जाता है," तो माणूस म्हणे.

"आएगा ना," तृप्ती म्हणे. "नर्स गाँव की ही है."

"फिर भी. आज शाम तक आवाज़ का टेस्ट भेज दीजिए. नहीं तो हमारे पास एक लड़की तैयार है."

मी म्हटलं, "पोर्तुगीज बोलते तवा गाव येत नाही, अन् हिंदीतच येते काय बे?"

"दादा, चूप बस. फोन चालू आहे."

आता हे समजून घ्या. आमच्या इकडं पोर्तुगीजमध्ये कोण पाहणार? सगळे हिंदीतच पाहणार. म्हणजे चेहरा तृप्तीचा अन् आवाज मुंबईच्या पोरीचा. मायले तर चेहराही धड दिसत नाही. मायजवळ पोचणार होता तो आवाजच.

माईक तृप्तीच्या बॅगेत असतेच. पण जागा कुठं? समोर चक्की, मागं बसचा भोंगा, तिसऱ्या घरी हळदीचा डीजे. नागपूर दोन तासावर, पण मायच्या डोळ्यात दर तासाले थेंब टाकायचे होते, अन् ते काम तृप्ती दुसऱ्याच्या हाती देत नव्हती. उपाय मायनं काढला, हे मी मान्य करतो.

"कापसाच्या खोलीत जा," माय म्हणे. "मी तिथून हाका मारल्या का तुमाले कधीच ऐकू येत नाही."

दारापाशी थोडी जागा सोडली तर खोली म्याळीपर्यंत, म्हणजे छताच्या लाकडापर्यंत, कापसानं भरून होती. पण सुधाकरभाऊ व्यापाऱ्याची गाडी तो कापूस न्याले तीन वाजताच येणार होती. मी फोन लावला.

"सुधाकरभाऊ, आज गाडी नका पाठवू."

"काहून? भाव पाहून राहिला का?"

"नाही. खोलीत स्टुडिओ आहे."

"काय आहे?"

"स्टुडिओ."

तो म्हणे, "उद्या सकाळी सातले गाडी दारात येईन. मंग तिथं स्टुडिओ असो का टॉकीज."

दार लावलं अन् चक्की बंद पडल्यासारखी वाटली. तृप्ती कमरेपर्यंत कापसात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीले माईक बांधलेला, मी मोबाईल धरून उभा. माय कोपऱ्यात. सीन असा होता का म्हातारा पेशंट घाबरून आहे अन् नर्स त्याले म्हणते, "मैं यहीं हूँ बाबा, कहीं नहीं गई." तृप्तीनं ते मुंबईवाल्याले पाहिजे तसं बोललं, एकदम धुतलेलं.

माय म्हणे, "हे कोण बोलून राहिली व?"

"मीच व्हय, माय."

"मंग अशी काहून? पेशंटले बिलाचं सांगून राहिली का?"

तृप्ती हसली. पुन्हा बोलली. ते ती मायले थेंब टाकताना बोलते तसंच निघालं.

"वा!" मी ओरडलो.

"दादा, बाहेर जा."

"मोबाईल कोण धरीन?"

"माय."

"तिले दिसत नाही."

"म्हणूनच. ती वा म्हणणार नाही."

मी दाराबाहेर बसलो. शेजारच्या बकऱ्या दोनदा आल्या, दोनदा हाकलल्या. आतलं एक अक्षर मले ऐकू आलं नाही. सहा वाजता तिनं टेस्ट पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातले गाडी आली. दहापर्यंत खोली रिकामी झाली, माणसं गाडीवर चढून कापूस तुडवून राहिले होते. तवाच मुंबईहून मेसेज आला. आवाज तृप्तीचाच राहणार, गाव आलं तर येऊ द्या. फक्त शेवटच्या वाक्यात कोणाचा तरी खोकला आहे, तेवढं वाक्य अकराच्या आत पुन्हा पाठवा. खोकला मायचा होता. मी बाहेर होतो, हे ध्यानात घ्या.

तृप्ती खोलीत जाऊन बोलून पाहे, तर रिकाम्या खोलीत आवाज घुमे. ती बाहेर आली अन् गाडीकडं पाहू लागली.

"बाई, गाडी निघून राहिली," सुधाकरभाऊ म्हणे.

"दोन मिनिटं, भाऊ."

ती माईक अन् मोबाईल घेऊन, चाकावर पाय देऊन वर चढली अन् गळ्यापर्यंत कापसात गेली. मी वरून ताडपत्री ओढली, तुडवणाऱ्याइले खाली उतरवलं, चक्की थांबवाले चक्कीवाल्याले हात जोडले. शेवटी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

ताडपत्री हलली. केसात कापूस घेऊन तृप्ती बाहेर आली.

"झालं का?" सुधाकरभाऊनं विचारलं.

"झालं, भाऊ. गेलंही."

"काय बोलली एवढं?"

तिनं ते "कहीं नहीं गई"वालं वाक्य त्याले बोलून दाखवलं. सुधाकरभाऊनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"एवढ्यासाठी काल गाडी थांबवली?" म्हणे, अन् ड्रायव्हरले हात केला. गाडी पांढुर्ण्याकडं निघाली.

मायनं ओसरीवरून विचारलं, "गेला का कापूस?"

मी म्हटलं, "गेला."

"अन् तिचा आवाज?"

"तोही गेला."

"मंग थेंब टाका कोणीतरी. टाइम होऊन गेला."