आरसा दाखवून फोटो काढणारा

इंदूरच्या फिल्मवाल्याने आमच्या शनवारा चौकातल्या फोटोग्राफरला फसवलं. माझ्या कापडाच्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन फसवलं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांना त्या फोटोग्राफरने रस्त्यात अडवलं असेल. गळ्यात एका दोरीला कॅमेरा, दुसरीला वीतभर आरसा. कोणाचा पेहराव आवडला की आधी आरसा पुढे. "आधी तू बघ, मग मी बघतो." माणूस कॉलर सारखी करायचा, बाई पदर सावरायची. कोणी नको म्हटलं तर "बरोबर आहे" म्हणून हा चालू लागायचा. मी सायकलवर तागे विकून दुकान उभं केलं, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणू देत नाही. मला याची चीड यायची.

फॅशन त्याला केळीच्या बागांमधल्या बहादरपुरात दिसायची. केळीच्या चिकाचे काळे डाग तिथल्या घड वाहणाऱ्या मजूर बायकांच्या कपड्यांवरून कधी निघत नाहीत. मी नवा छापील तागा उलगडला की म्हणायचा, "सेठ, त्या बायकांच्या खांद्यावर पूरा मोसम छापलेला असतो. तुमच्याकडे आहे असा माल?"

"मग तोच विक!"

"वो बिकाऊ नहीं है, सेठ."

फिल्मवाला त्याच्यावर फिल्म करायला आला, तेव्हा बोलणी मी केली. गाडी, जेवण, दिवस, सगळं घासाघीस करून ठरवलं. फोटोग्राफरची अट एकच होती: "ज्याला विचारलं नाही, त्याला दाखवायचं नाही."

"बिलकुल, दादा," फिल्मवाला म्हणाला. मी, एवढा हुशार, तेवढंच कागदावर घेतलं नाही.

फिल्म गावभर मोबाइलवर फिरली. घड वाहून दमलेल्या बायका बांधावर जेवताना लांबून टिपलेल्या. फाटक्या बाह्या, उघड्या पाठी, वर गमतीचं संगीत. नाव दिलं होतं, 'गरिबांची फॅशन'. लोक पोट धरून हसले.

फोटोग्राफर माफी मागायला बहादरपूरला गेला. मी सोबत होतो. त्यातली म्हातारी म्हणाली, "भाऊ, तू इचारत होता म्हणून आम्ही उभ्या राहत होतो. त्यांना आमच्या बांधावर कोणी आणलं?"

तो आता इथल्याच लालबागला बहिणीकडे असतो. कॅमेरा कपाटात आहे. शनवाऱ्यात येत नाही.

मी फिल्मवाल्याला फोन केला. म्हणतो, "दादा, लोगों को तो बहुत पसंद आयी."

कोणत्या लोकांना रे? बहादरपूरला ये. त्या बायकांसमोर उभा राहा आणि सांग, कोणाला विचारून दाखवलंस? चूक माझीही आहे, मी दुकान बंद करून तुझ्या शेजारी उभा राहीन. पण जबाब तुला द्यावा लागेल.