फणसाची सालं नेणारा

रोज संध्याकाळी तो धारगळच्या बाजूने स्कूटरवरून येतो आणि आमच्याकडची फणसाची सालं बादलीत भरून नेतो. नाव काही मी विचारलं नाही. भरताना एकेक साल झटकतो, चिकटलेल्या मुंग्या बोटाने काढून कुंपणावर सोडतो. मला वाटायचं, मुंगीलाही जपणारा माणूस, घरी गायीगुरं असणार.

"गायी किती रे तुझ्या?" एकदा विचारलंच.

"गायी नाय आजी, मी माश्यांचे अळये पोसतंय. मुंग्ये तेंका खातत."

शहरातले लोक हौसेने पाली पाळतात म्हणे, त्यांना खायला तो सालांवर वाढवलेल्या या माशीच्या अळ्या विकतो. स्वतः मात्र पालीला भितो.

आता काय म्हणायचं? आम्ही तर पाल दिसली की केरसुणी घेतो. मी म्हटलं, "इतक्या मायेन वाढवतस आणि पालीक घालतस? तुका कायच वाटणा नाय?"

तो रागावला नाही. त्याने स्कूटरवरच्या डब्यातल्या थोड्या अळ्या माझ्या कोंबड्यापुढे टाकल्या. कोंब्याने पटापट टिपल्या.

"बरो पोसलास गे आजी. कोणासाटी?"

"राखणदारासाठी," मी म्हटलं. सुनेच्या आजारपणात गावच्या देवाला नवस बोललेला कोंबा, या रविवारी बळी द्यायचा आहे.

त्याने बादली स्कूटरला अडकवली आणि तो गेला. मी मूठभर तांदूळ घेऊन तिथेच उभी. कोंबा सवयीने पायाशी आला, हातातलं टिपू लागला, आणि मला कळेना, अजून घालावं की हात मागे घ्यावा.